तारखेची बाजू

आमच्या इंदुरात गोळ्यांच्या पाकिटाला पत्ता म्हणतात.
अर्धा पत्ता द्या भिया, असं गिऱ्हाईक म्हणतं
आणि मी कात्री घेतो.
तिच्या पात्याला एक खाच आहे,
कापलं की कडेला बारीक दात उमटतो.

कापायची रीत कोटस्थाने काकांनी शिकवली.
ज्या टोकाला तारीख, ते टोक आपल्याकडे.
ते दिवसा, चिठ्ठीवाल्याला द्यायचं.
रात्रीच्या गिऱ्हाइकाच्या हातात
नुसती चांदी गेली पाहिजे,
मागे ना साल, ना किंमत.

भंवरकुव्याच्या मागे बारा बाय आठचं दुकान.
वर चार मजले परीक्षा देणारी पोरं,
एका खोलीत तिघं, एका टेबलफॅनला पाच जण.
साडेदहाला अर्धं शटर ओढलं
की वाकून आत येतात.
चिठ्ठी आहे का, मी विचारतो,
विचारावं लागतं म्हणून.
नाही म्हटलं की भाव तिथून सुरू.

छापील सात रुपयांची गोळी,
पांढरी, गोल, मधे रेघ.
चिठ्ठी जुनी असली तर बारा.
फोनमधल्या फोटोतली, दुसऱ्याच्या नावाची, अठरा.
चिठ्ठीच नाही आणि हात थरथरतोय,
तर काका म्हणायचे, तीस सांग,
थरथरणारा हात घासाघीस करत नाही.
मी पंचवीस सांगायचो.
तो पाच रुपयांचा चांगुलपणा
मी कित्येक वर्षं पुरवून पुरवून वापरला.

वहीत नावं लिहायची नाहीत, गावं लिहायची.
नीमच. झाबुआ. सेंधवा, दोन वेळा.
खरगोन शुक्रवारी यायची,
बाहीला शाईचा डाग, सुटे पैसे मोजून आणलेले.
एकदा मराठीत म्हणाली,
"दादा, ह्या घेतल्यावर झोप येते, की नुसतं रडू थांबतं?"
मी म्हणालो, डॉक्टरला विचारा.
आणि पाच कापून दिल्या.

मग तीन शुक्रवार नाही.
चौथ्या शुक्रवारी आली ती डबा घेऊन,
स्टीलचा, जिरावणचा वास अजून झाकणाला.
काउंटरवर उपडा केला.
पाच-पाचचे नऊ तुकडे.
एकही फोडलेला नाही.

"घेतल्याच नाहीत?"
"जमवत होते."

फ्रिज घरघरत होता, इन्सुलिनचा.
बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं,
लागत नव्हती.

"आता नको आहेत," ती म्हणाली,
"उद्या आई येतेय न्यायला.
परत घ्या. ज्या भावाने दिल्यात त्याच भावाने."
मी म्हणालो, अहो, परतीचा भाव निम्मा असतो.
सवयीने म्हणालो. तोंडच तसं झालंय.
ती गेली नाही.
तिचा हात काउंटरवर होता, सपाट,
आणि जराही हलत नव्हता.

अकराशे पंचवीस.
गल्ल्यात अकराशे निघाले.
"पंचवीस पण," ती म्हणाली.
खिशातून दिले.
बरी आहेस का, हे शटरपर्यंत आलं होतं.
ती वाकून बाहेर पडली
आणि मी कुलूप शोधत राहिलो.

घरी गेलो नाही.
खालचा खण ओढला, तारखेच्या बाजूंचा,
आणि एकेक तुकडा लावून बघायला लागलो,
दाताला दात, कडेला कड,
लहानपणी फुटक्या बशीचं करायचो तसं.
पहाटेपर्यंत चार जुळले.
त्यातल्या दोघांची तारीख
मागच्या दिवाळीतच संपलेली.
तिघांच्या जोड्या खणात नव्हत्या,
विकल्या गेल्या असणार. दात मात्र आमचाच.

कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली.
ओला, सुका, आणि मागे तो लाल डबा
असल्याच गोष्टींसाठी.
पोरगा ओरडला, काही आहे का भिया?

माझ्या मुठीत उरलेले दोन तुकडे होते.
कड सरळ, गुळगुळीत.
बोट पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं,
दात कुठेच लागला नाही.
ती कात्री माझी नव्हती.